हजेरीपटातला जादा रकाना

विटांचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकाच सणाच्या आगेमागे सुरू होतात. बीड जिल्ह्यात दसरा झाला की मुकादमाचा ट्रक गावाच्या वेशीवर येऊन उभा राहतो. नेपाळच्या पश्चिमेकडील रोल्पा, रुकुम आणि सल्यान या डोंगराळ जिल्ह्यांत दशैं (दसरा) आणि तिहार (दिवाळी) उरकले की माणसे गाठोडी बांधून काठमांडूच्या खोऱ्याकडे जाणाऱ्या बसमध्ये बसतात. आपल्याकडे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, तिकडे पेश्की. आपल्याकडे मुकादम असतो, तिकडे नाइके. आणि ज्या मुलांना सांभाळायला घरी कोणी म्हातारे माणूस नसते, ती दोन्हीकडे आईबापांबरोबर त्याच गाडीत चढतात.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे दसऱ्यानंतर निम्मा रिकामा होणारा वर्ग मी लहानपणापासून पाहत आले. पुढे हंगामी वसतिगृहे सुरू झाली, शिक्षण हमी कार्डे आली, काही कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालल्या. यांतला कोणता उपाय कागदावर राहिला आणि कोणता मुलापर्यंत पोहोचला, याची चर्चा आमच्या घरी जेवणाच्या पानावर चालायची. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ब्लॉक प्लेसमेंटची, म्हणजे सलग क्षेत्रकार्याची, वेळ आली तेव्हा आमच्या एका प्राध्यापिकांनी भक्तपूरमधील एका छोट्या सामुदायिक संस्थेचे नाव सुचवले. ही संस्था वीटभट्ट्यांवर येणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी काम करत होती. तोच प्रश्न दुसऱ्या देशाच्या व्यवस्थेत कसा दिसतो ते पाहावे, असे मी अर्जात लिहिले आणि ते खरेही होते. मात्र परदेशाचे आकर्षण मुळीच नव्हते असे म्हटले, तर माझ्या मैत्रिणी हसतील.

पुण्याहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, तेथून जीपने सुनौली, सीमा पायी ओलांडायची आणि पलीकडे रात्रीची बस धरायची. भारतीय माणसाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, दुकानांच्या पाट्या देवनागरीत असतात, आपल्या शंभर रुपयांचे एकशेसाठ होतात आणि देव तर सगळे ओळखीचेच. त्यामुळे आपण परक्या मुलखात आलो आहोत हे चटकन ध्यानात येत नाही. माझ्या घरमालकीणबाईंनी ते पहिल्याच आठवड्यात ध्यानात आणून दिले. 2015 च्या भूकंपाला पाच महिने होतात न होतात तोच सीमेवर नाकाबंदी झाली, सिलिंडर मिळेनासे झाले आणि तंबूत राहणाऱ्या माणसांनी तो हिवाळा लाकडे फोडून काढला, असे त्या चहा गाळता गाळता सांगत होत्या. “तुमच्या देशाने केले,” त्या म्हणाल्या आणि कप माझ्या हातात दिला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण मी कोण आहे हे ठरवून टाकलेले होते. पुढच्या काळात याचा मला उपयोगच झाला. गोऱ्या स्वयंसेवकाकडे लोक कौतुकाने किंवा आशेने पाहतात. माझ्याकडे ते हिशेबी शेजारणीकडे पाहावे तसे पाहत, आणि तशा नजरेखाली काम नीट होते.

मी गेले तेव्हा 2019 चा जानेवारी होता, म्हणजे तिथल्या विक्रम संवताप्रमाणे 2075 सालचा पौष. भक्तपूर म्हटले की न्यातपोलाचे पाच मजली देऊळ, मातीच्या भांड्यांत लावलेले जुजू धौ हे दही, लाल विटांच्या गल्ल्या, असे सगळे पर्यटकांना आठवते. गावाबाहेर पडले की त्याच लाल विटांची दुसरी बाजू दिसू लागते. खोऱ्यातील नेवार शेतकरी भात कापून झाला की जमीन हंगामापुरती भट्टीमालकाला भाड्याने देतात. शेतातली चिकणमाती खणली जाते, तिच्या विटा थापल्या जातात आणि असारात (आषाढात) पाऊस आला की त्याच खचलेल्या वावरात पुन्हा भाताची लावणी होते. भूकंपात अनेक भट्ट्यांची धुराडी कोसळली. त्यांतल्या बऱ्याच भट्ट्या नंतर झिगझॅग पद्धतीने, म्हणजे विटा नागमोडी रचून कमी कोळशात भाजता येतील अशा रीतीने नव्याने बांधल्या गेल्या. पडलेली घरे, शाळा आणि देवळे उभी करायची तर विटा हव्यात, त्यामुळे मागणी वाढली होती. ज्या भूकंपाने घरे पाडली त्यानेच भट्ट्यांना काम दिले आणि त्या कामावर आलेल्या मुलांच्या शाळा सुटल्या, हे सगळे एकाच माळेचे मणी आहेत.

थापण्याचे काम पहाटे तीन-चारला सुरू होते. रात्री भिजवून तुडवलेल्या मातीचा गोळा बाई वाळूत घोळवून साच्यात आपटते, वरची जादा माती तारेने कापते, साचा उलटा करते आणि भट्टीची अक्षरे उमटलेली कच्ची वीट रांगेत ठेवते. मजुरी हजार विटांवर ठरलेली असल्यामुळे घरातल्या प्रत्येक हाताला किंमत असते. सहा-सात वर्षांच्या मुलाला वीट थापता येत नाही, पण ती वाळताना कुशीवर वळवता येते, वाळू आणता येते आणि धाकट्या भावंडाला पाठीशी बांधून हिंडता येते. नेपाळच्या 2056 सालच्या कायद्याप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावता येत नाही. पण या मुलांना कोणी कामाला लावलेलेच नसते. हजेरीत नाव बापाचे असते आणि मूल बापाला हातभार लावत असते. उसाच्या फडात वाढे गोळा करणारी पोर आणि ही विटा वळवणारी पोर यांच्यात कायद्याच्या दृष्टीने तोच एक गुण आहे: दोघीही कागदावर कुठेच नाहीत.

संस्थेचे केंद्र म्हणजे दोन भट्ट्यांच्या मधोमध असलेली पत्र्याची एक शेड. खाली गुंद्र्या, म्हणजे पेंढ्याच्या चटया, अंथरलेल्या, एका भिंतीला फळा, दुसऱ्या भिंतीला मुलांच्या उंचीवर 1098 हा आकडा मोठ्या अक्षरांत रंगवलेला. बाल मदतवाहिनीचा हा क्रमांक आपल्याकडचाच, असे मला प्रथमदर्शनी वाटले आणि ते निम्मे खरे निघाले. भारतातील 1098 मुंबईत 1996 मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा क्षेत्रकार्य प्रकल्प म्हणून सुरू झाली, आणि नेपाळमध्येही हाच आकडा वापरतात. सकाळी दहाच्या सुमारास, ऊन जरा वर आले की मुले यायची. पहाटेपासून जागी असल्यामुळे त्यांतली निम्मी तासाभरात पेंगू लागायची, आणि केंद्रातल्या शिक्षिका, म्हणजे मिस, त्यांना उठवत नसत. झोपू देणे हाही केंद्राच्या कामाचा भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. धाकट्यांना जाउलो, म्हणजे डाळतांदळाची आसट खिचडी, मोठ्यांना चिउरा-तरकारी, म्हणजे पोहे-भाजी, आणि ठरलेल्या दिवशी उकडलेले अंडे, हे मुलांच्या येण्याचे पहिले कारण होते आणि ते कारण कोणी लपवत नव्हते.

मिस थिमीच्या नेवार होत्या आणि कित्येक हंगाम याच शेडमध्ये शिकवत आल्या होत्या. केसवर्कर दिदी स्वतः रोल्पाच्या, मगर समाजातल्या. रोल्पा-रुकुमकडच्या लहान मुलांना घरची खाम भाषाच येते, नेपाळी त्यांना शाळेतच भेटते, त्यामुळे रडणारे मूल नेमके कशासाठी रडते आहे हे बऱ्याचदा एकट्या दिदींनाच कळे. मी रुजू झाले त्या दिवशी दिदींनी माझ्यासमोर बालसंरक्षण धोरणाचा कागद ठेवला. माझा पोलिसांचा चारित्र्य दाखला त्यांनी आधीच मागवून घेतला होता. कोणत्याही मुलाबरोबर एकटीने बंद जागेत थांबायचे नाही, फोटो काढायचा नाही, खाऊ किंवा वस्तू परस्पर द्यायची नाही, आपला फोन नंबर मुलांना द्यायचा नाही, ‘पुन्हा येईन’ असे म्हणायचे नाही, आणि जेवण वाढायचे नाही. शेवटच्या नियमाचे मला नवल वाटले. बाकीचे सगळे पुस्तकात होते, हा नव्हता. दिदींनी सांगितलेले कारण असे की, मूल पोट भरणाऱ्या हाताला ओळखते, तर तो हात जेठापर्यंत इथेच राहणाऱ्या माणसाचा असावा आणि पुढच्या मंसिरात (मार्गशीर्षात) परत इथेच दिसावा. मी शेडच्या मागच्या बाजूला, खोके उलटे घालून केलेल्या टेबलाशी बसायचे आणि कागद सांभाळायचे, असे ठरले.

या कडकपणामागे काय आहे ते समजून घेतल्याशिवाय तो अतिरेकी वाटू शकतो. माओवादी संघर्षाच्या 1996 ते 2006 या दशकात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतील आईबापांना ‘तुमचे मूल काठमांडूत सुरक्षित राहील, इंग्रजी शाळेत शिकेल’ असे सांगून दलालांनी पैसे घेऊन मुले आणली आणि त्यांतल्या अनेकांना अनाथ म्हणून नोंदवले. बाहेरच्या देशांतून मदत करायला येणाऱ्या सज्जन माणसांना अनाथ मुले हवी होती, म्हणून अनाथालये उघडत गेली आणि ती मुख्यतः जिथे पर्यटक जातात तिथेच उघडली. भूकंपानंतर हीच भीती पुन्हा उभी राहिली. पालकांवाचून किंवा परवानगीवाचून मुलांच्या प्रवासावर सरकारने बंदी घातली, परदेशी दत्तकविधान थांबवले आणि नवी बालगृहे नोंदवणे स्थगित केले. भूकंपाआधी देशातील संस्थांमध्ये सुमारे 15,000 मुले होती आणि त्यांतल्या किमान 85 टक्के मुलांच्या आईबापांपैकी एकजण तरी हयात होता, असे युनिसेफने त्याच वर्षी सांगितले. मी जाण्याच्या काही महिने आधी, 2018 च्या सप्टेंबरात आलेल्या बालकांविषयीच्या नव्या कायद्याने संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय ठरवला आहे: आधी नातेवाईक, मग दुसरे कुटुंब, आणि काहीच जमले नाही तर संस्था. गरिबीपायी, आईबाप असताना बालगृहात गेलेली मुले आपल्याकडेही आहेत, त्यामुळे यात नेपाळकडे बोट दाखवण्यासारखे काही नाही.

भट्टीवर या सगळ्याचे रूप अगदी साधे असते. माघातल्या एका दुपारी मोटारसायकलवरून एक गृहस्थ आले. त्यांच्या हातात गुळगुळीत कागदाचे माहितीपत्रक होते आणि त्यावर गणवेशातल्या हसऱ्या मुलांचे फोटो होते. काठमांडूत फुकट होस्टेल, फुकट शाळा, मुलाचे भविष्य, अशी त्यांची भाषा होती आणि झ्याउल्यांच्या ओळीत बायका काम थांबवून ऐकत होत्या. झ्याउली म्हणजे कच्च्या विटा रचून वर पत्रा टाकलेली, उभे राहिले तर डोके टेकेल अशी खोली. ऊसतोड मजुरांची कोपी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती लगेच डोळ्यांसमोर येईल. अशा खोलीत थंडीने खोकणारे मूल घेऊन बसलेल्या आईला ते माहितीपत्रक काय वाटले असेल, हे मला कोणी समजावून सांगायला नको होते. दिदी तिथे गेल्या, त्यांनी त्या गृहस्थांना बसायला मोडा दिला आणि सगळ्यांदेखत शांतपणे विचारत राहिल्या: बालगृह कुठल्या नगरपालिकेत नोंदले आहे, सुट्टीत मूल घरी कोण पोहोचवणार, आईला फोन कधी करता येईल, आणि मूल आणताना कोणत्या अधिकाऱ्याची सही घेता. पाणी पिऊन ते गेले. दिदींनी त्यांच्याविषयी एक शब्दही वाईट काढला नाही. नंतर त्या बायकांना एवढेच म्हणाल्या की, हेच प्रश्न तुम्हीही विचारू शकता. मोटारसायकलचा नंबर मात्र त्यांनी टिपून ठेवला होता आणि संध्याकाळी तो पालिकेकडे कळवला.

माझ्या वाट्याला आलेले काम नोंदवहीचे होते. ऐकायला ते किरकोळ वाटते आणि माझ्या विभागातल्या एकदोघांना ते तसे वाटलेही; आमच्या अहवालाच्या नमुन्यात ‘मुलांबरोबर घेतलेले उपक्रम’ असा मोठा रकाना होता आणि सोबत फोटो जोडायचे होते. प्रत्यक्षात नोंदवही हाच त्या केंद्राचा कळीचा प्रश्न होता. रोल्पा-रुकुमकडच्या मगरांमध्ये बुढा, घर्ती, पुन आणि रोका ही आडनावे फार. त्यामुळे एकाच हंगामात सुनिता घर्ती आणि सुनिता पुन अनेक निघत, आणि आईने सांगितलेले वय ‘भूकंपाच्या वेळी पोटात होता’ किंवा ‘मोठ्या हिमवर्षावाच्या वर्षीची’ अशा मापाने असे. त्यात पत्त्यांचा गोंधळ. 2017 मध्ये नेपाळात संघराज्य पद्धतीच्या 753 स्थानिक पालिका आल्या आणि जुन्या गाविसांची (गाव विकास समित्यांची) नावे कागदावरून गेली. पण आईबाप गावाचे जुनेच नाव सांगत आणि शाळेला पत्र पाठवायचे तर नव्या गाउँपालिकेचे नाव आणि वडा (वॉर्ड) क्रमांक लागे. मी दोन्ही नावांची यादी भिंतीला लावली आणि एकेक पत्ता दिदींकडून तपासून घेतला. अशा कामात दुपारच्या दुपारी जात.

याच कामात मला वडिलांच्या वहीची आठवण झाली. जुन्या नोंदवहीत मुलाच्या नावापुढे भट्टीचे नाव असे. ते बरोबरच होते, पण पुढच्या हंगामात तेच कुटुंब दुसऱ्या भट्टीवर, कधी खोऱ्यातल्याच ललितपूरकडे, तर कधी थेट दक्षिणेकडच्या तराईत गेले की मूल नोंदवहीतून नाहीसे होई आणि ‘गळती’ या शब्दाखाली मोजले जाई. वडील गावातून गेलेल्या मुलाच्या नावापुढे कारखान्याआधी मुकादमाचे नाव लिहीत, कारण कारखाना बदलतो, पण टोळी सहसा मुकादम बदलत नाही. अंगावरची उचल फिटेपर्यंत तर तिला तो बदलताच येत नाही. नाइकेचे तसेच असते. तो बहुधा त्याच गावचा, लांबच्या नात्यातला. पेश्की त्याने दिलेली, बसचे तिकीट त्याने काढलेले, आणि कोणते कुटुंब कुठे आहे हे मालकाला ठाऊक नसले तरी त्याला पक्के ठाऊक असते. मी दिदींना हे सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, कारण नाइकेशी संबंध ठेवणे म्हणजे मुलांच्या कष्टावर कमिशन खाणाऱ्याला मान देणे, अशी संस्थेतल्या काहींची भावना होती आणि ती चुकीची म्हणता येत नाही. मग त्या म्हणाल्या, “बहिनी, मान नको देऊ. नाव लिही आणि गावचा पत्ता लिही.” त्या हंगामापासून नोंदवहीत नाइकेच्या नावाचा एक जादा रकाना आला. परक्या देशातून आलेल्या विद्यार्थिनीला मूळ कामात भर घालता येते ती अशी, स्वतःच्या गावाकडून आणलेल्या एखाद्या क्षुल्लक माहितीने. मुलांना गाणी शिकवायला मिस होत्या आणि त्या माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या गात.

गाण्यांचा विषय निघाला म्हणून सांगते. तीन-चार वर्षांची दोन मुले मी दिसले की धावत येऊन मांडीत बसत. नव्या माणसाला हे फार आवडते आणि आपण मुलांना आवडलो असे वाटते. पण येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडे ती मुले तशीच धावत, दरबार चौकातून भट्टी बघायला आलेल्या, गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या माणसाकडेसुद्धा. जे मूल कोणाकडेही जाते त्याला सगळेच सारखे आहेत, आणि ही गोष्ट कौतुकाची नसून काळजीची आहे, हे बालविकासाच्या तासाला शिकलेले तिथे मांडीवर येऊन बसले होते. मिसची रीत अशी की, त्या मुलाला हाक मारून त्याच्याकडे काहीतरी काम देत, वाट्या मोजायला किंवा खडू आणायला सांगत, आणि मूल आपोआप उठून त्यांच्याकडे जाई. मला त्याला दूर लोटावे लागले नाही आणि त्यालाही आपण लोटलो गेलो असे वाटले नाही.

महाराष्ट्राचा आणि त्या भट्टीचा थेट धागा मात्र मला वेगळ्याच ठिकाणी सापडला. एका बाईंच्या मोठ्या मुलाची जन्मदर्ता झालेली नव्हती. नेपाळात तेव्हा जन्माची नोंद पस्तीस दिवसांच्या आत वडा कार्यालयात विनाशुल्क होत असे. पुढे उशीर झाला की दंड, फेऱ्या आणि कागद वाढत जातात, आणि बापाच्या नागरिकतेच्या प्रमाणपत्राची प्रत हाताशी नसली की काम अडते. बाप कुठे आहे असे दिदींनी विचारले तेव्हा बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “यांच्याकडे. पुण्यात.” सोसायटीत वॉचमन आहे, दोन वर्षांत आला नाही, पैसे कधी येतात, कधी येत नाहीत. पुण्यामुंबईच्या इमारतींमध्ये जिन्याखालच्या खोलीत राहणारे, सगळ्यांच्या गाड्या ओळखणारे आणि ज्यांचे पूर्ण नाव कोणाला माहीत नसते असे नेपाळी वॉचमन आपण रोज पाहतो. त्यांतल्या एकाचे घर मी इथे पाहत होते आणि ते चार बाय सहा हाताचे, कच्च्या विटांचे होते.

दिदींनी बाईंची संमती विचारली, फोन स्पीकरवर ठेवला आणि आधी त्यांनाच बोलायला लावले. नवराबायकोचे बोलणे खाम भाषेत झाले आणि ते मला कळण्याचे कारण नव्हते. मग दिदींनी खूण केली म्हणून मी हिंदीत सुरुवात केली, तर पलीकडून स्वच्छ मराठीत उत्तर आले, “बोला ना मॅडम, मराठीत बोला.” गेली आठ वर्षे तो पुण्यात होता, बाणेरला त्याची सोसायटी होती आणि सुट्टी मागितली तर बदली माणूस स्वतःच द्यावा लागे. नागरिकतेच्या प्रमाणपत्राचा फोटो त्याने रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन्ही बाजू, नीट उजेडात काढलेल्या. पैशांविषयी मी त्याला काही विचारले नाही, तो त्या दोघांचा प्रश्न होता आणि विचारायचे झाले तर दिदी विचारणार होत्या. पण प्रमाणपत्राची प्रत मिळाली म्हणून जन्मदर्ता झाली असे नाही. ती रोल्पाच्या वडा कार्यालयातच होणार होती आणि पेश्की फिटेपर्यंत हंगाम सोडून बाईंना गावी जाता येणार नव्हते. दिदींनी प्रत छापून प्लास्टिकच्या पाकिटात घातली, वर वडा सचिवाच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि जेठात गावी जाल तेव्हा हे आधी करा, असे दोनदा बजावले.

नेपाळच्या शाळांचे वर्ष वैशाखात सुरू होते आणि वार्षिक परीक्षा चैत्रात होते. वीटभट्टीचा हंगाम मंसिरापासून जेठापर्यंत चालतो, म्हणजे तो एका वर्षाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात असे दोन्ही गिळतो. आपल्याकडे ऊसतोडीला गेलेले मूल जूनमध्ये वर्गात परत बसू शकते, मधले महिने मात्र बुडतात. रोल्पाचे मूल असारात गावी पोहोचते तेव्हा त्याची परीक्षाही होऊन गेलेली असते आणि नव्या वर्गाची भरतीही. म्हणून फाल्गुनापासून आमचे मुख्य काम पत्रे लिहिणे हे झाले. प्रत्येक मुलाच्या शाळेच्या नावे एकेक पत्र, त्यात केंद्रातील हजेरी, शिकवलेला भाग, मिसने घेतलेल्या चाचणीचे गुण आणि परीक्षेला बसू देण्याची किंवा पुढच्या वर्गात घेण्याची विनंती. शिक्षण आता स्थानिक पालिकांच्या अखत्यारीत असल्यामुळे एक प्रत गाउँपालिकेच्या शिक्षण शाखेला. मजकूर मिस सांगत, मी टंकलिखित करीत असे, आणि माझ्या नेपाळीतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सातवीतली एक मुलगी खांद्यामागे उभी राहून काढत असे. तिचे अक्षरही माझ्यापेक्षा चांगले होते, त्यामुळे पाकिटांवरचे पत्ते तिनेच लिहिले.

काही मुख्याध्यापकांनी फोन केला आणि मूल येईल तेव्हा वेगळी परीक्षा घेऊ असे सांगितले. काहींकडून काहीच आले नाही. एका गृहस्थांनी पत्र परत पाठवले, कारण त्यावर स्थानिक पालिकेचा शिक्का नव्हता. दिदी भक्तपूरच्या वडा कार्यालयात तीन चकरा मारून शिक्का घेऊन आल्या आणि पुढच्या सगळ्या पत्रांवर आधीच शिक्का मारून ठेवण्याची व्यवस्था त्यांनी करून घेतली. माझा काळ संपला तेव्हा भक्तपुरात बिस्केट जात्रा लागली होती, 2076 साल उजाडले होते आणि भट्टीवर काम चालू होते, कारण पाऊस येण्याआधी जितक्या विटा निघतील तितकी पेश्की फिटते. मी परत येऊन अहवाल लिहिला. फोटोंच्या पानावर नोंदवहीच्या कोऱ्या पानाचा, नवा रकाना दिसेल असा, एकच फोटो लावला. त्यावर गुण कापले गेले.

त्यानंतर संस्थेने एका हंगामापेक्षा कमी काळासाठी इंटर्न घेणे बंद केले, असे दिदींनी मला कळवले. येणाऱ्याला हिशेब किंवा टंकलेखन यांपैकी एक तरी येत असावे आणि नेपाळी वाचता यावी, अशी अटही घातली. आमच्या विभागातून आणखी दोन विद्यार्थ्यांची नावे जाणार होती, ती या अटींमुळे गेली नाहीत आणि त्यावरून थोडी नाराजीही झाली. माझ्या मते संस्थेने बरोबर केले. आता कोणी परदेशातल्या अशा संस्थेविषयी विचारायला आले, तर मी आधी एवढेच विचारते की, तुझ्यासाठी त्यांनी काय काम ठरवले आहे. ‘मुलांबरोबर वेळ घालवायचा’ असे उत्तर आले, तर ऊसतोडीच्या हंगामात बीडला ये म्हणते. आमच्याकडच्या हंगामी वसतिगृहाच्या नोंदी अजून अर्धवट आहेत.